ताईंची तालीम

"चूक," ताई म्हणाल्या. "परत सांग. छोटूला ताप चढलाय, थंडीने कुडकुडतोय. काय करशील?"

"तुम्हाला फोन करीन," वहिनी म्हणाली.

"पुन्हा चूक."

वहिनीने थर्मामीटर टेबलावर आपटला. नवऱ्याच्या कॅन्सरचं निदान झालं आणि दुसऱ्याच दिवशी नणंदबाईंनी घराचा ताबा घेतला. ताईंनी उभा जन्म मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून काढलेला. आग लागली तर काय, मुलगी चक्कर येऊन पडली तर काय, सगळ्याची त्या तालीम करून घेत. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नव्हती. पन्नाशीतल्या भावाला छोटू म्हणायचीही नाही.

डोक्याला रुमाल करकचून बांधून त्या कामाला लागल्या होत्या. बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची गेली. पलंगाशी बादली आली. मऊ ब्रश, मास्क, गोळ्यांचा डबा, सगळं हाताशी येईल अशा एका फळीवर लागलं. स्टीलचे चमचे माळ्यावर गेले आणि त्यांच्या जागी लाकडी आले.

"हे आणि कशाला?" छोटूने विचारलं.

"केमो सुरू झाली की स्टीलचा चमचा तोंडात धरवत नाही. घास गंजलेला लागतो."

"तुला गं काय माहीत?"

"मला काय माहीत नसतं?"

ताईंना एखादी गोष्ट कशी ठाऊक, हे विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

मग हॉस्पिटलची पिशवी. त्यात पांघरूण गेलं, लोकरीचे मोजे गेले. "तिथे एसीचा मरणाचा गारठा असतो," ताई म्हणाल्या. भरलेली पिशवी दाराशी नेऊन ठेवायचं काम मात्र वहिनीवरच आलं. हुकूम सोडायला ह्या आणि ओझी उचलायला आम्ही, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

पिशवी ठेवून ती परत आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"मला एकटीला झेपायचं नाही हो, ताई. आयत्या वेळी माझे हातपाय गळतात. तुम्ही इथे राहायलाच या ना."

"जमायचं नाही."

"निदान पहिल्या केमोला तरी?"

"त्या दिवशी मला काम आहे."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खा भाऊ, त्याचं एवढं मोठं दुखणं, आणि हिला काम! स्वतःचं अंग काढून घ्यायचंय, म्हणून ही शिकवणी चालली आहे तर!

"ताप शंभरच्या वर गेला की वाट बघायची नाही," ती तडातडा बोलू लागली. "घरच्या घरी गोळी देऊन झोपवायचं नाही. हॉस्पिटलला फोन करायचा, पिशवी घ्यायची, टॅक्सी बोलवायची आणि निघायचं. तुम्हाला फोन करायचा नाही!"

"बरोबर," ताई म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. "आता माझी काळजी मिटली."

केमोच्या दिवशी वहिनीला स्वतःचंच नवल वाटलं. काही म्हणजे काही विसरलं नाही. छोटूला सलाईन लागलं, तशी तिने त्याच्या पायांत मोजे चढवले, अंगावर पांघरूण घातलं.

"अगदी तयारीनिशी आलात," नर्स म्हणाली. "कोणी शिकवलं?"

"आमच्या नणंदबाईंनी. यायला मात्र त्यांना सवड झाली नाही," वहिनी म्हणाली. राग अजून धुमसतच होता.

"असू दे. काही अडलं आणि मी नसले, तर ह्या बाईंना विचारा. कित्येक महिने येताहेत, तेही एकट्याच. आम्हालासुद्धा शिस्त लावतात." नर्सने हसत मधला पडदा सरकवला.

पलीकडच्या खुर्चीत, हाताला सलाईन लावून, ताई बसल्या होत्या.