पासवर्डसकट

शशिकांतरावांनी पेनड्राइव्ह लावून जुना कॉम्प्युटर सुरू केला, पण पासवर्डची चौकट आलीच नाही. कालची सबंध दुपार खर्ची घालून त्यांनी पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालवणाऱ्या छोट्याशा लिनक्स प्रणालीला पासवर्ड घातला होता. आज बायको शाळेतून निवृत्त होणार होती. निरोप समारंभासाठी त्यात लिहिलेलं आपलं भाषण तिच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी.

आता पासवर्डही नव्हता आणि भाषणही.

“बंद करताना ‘बदल जतन करायचे का’ असं विचारतं ते,” नलिनीबाई दारातून म्हणाल्या. “तुम्ही काय सांगितलंत?”

“नाही म्हटलं. मागमूस राहू नये म्हणून.”

“राहिला नाही हो अजिबात!” हसू दाबत त्या शेजारी येऊन बसल्या. “घ्या लिहून. काल तुम्ही चहा टाकायला उठलात, तेव्हा वाचलं मी.”

चौथीच्या वर्गाला शुद्धलेखन घालावं तशा त्या सांगू लागल्या. शब्द न् शब्द बरोबर होता. “मला हट्टी म्हटलंय, ते राहू द्या,” असंही मध्येच म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं, “छत्तीस वर्षं हिचा सकाळचा चहा मीच केला, आणि तो फक्कड व्हायचा.”

हे वाक्य कालच्या भाषणात नव्हतं. छत्तीस वर्षांत बाईंनी त्या चहाला ‘बरा’च्या वर कधी जाऊ दिलं नव्हतं. शशिकांतरावांनी ते उतरवून घेतलं आणि पूर्णविराम द्यायच्याही आधी ‘जतन करा’ दाबलं.