पाटावरचं टायपिंग

चौऱ्याहत्तर साली रिसोडच्या टायपिंग क्लासात मशीन एकच होतं, माझ्या वाट्याला जेमतेम अर्धा तास यायचा. मग मी घरच्या पाटावर कोळशानं सगळी अक्षरं काढली आणि दिवसभर त्यावर बोटं आपटत सुटले. शेतातल्या निंदणाहून आलेली माय हसायची, "अवं विजे, बोटं नाचवाचे कोनी पैसे देते काय?"

वाशिमच्या ऑफिसात नोकरीच्या परीक्षेला मायही आली, दारातच बसली. मी मशीनवर असा काही धुरळा उडवला, की सगळे कारकून लिहिणं सोडून बघत राहिले. साहेब जवळ आले, वाकले. "बाई, कागद लावलाच नाही तुम्ही!"

माझी बोटं हवेतच राहिली.



माय दारातून कडाडली, "सायेब, घरी त इले कागद लागतच नाही!"