जादा सोडलेलं कापड

वाढत्या अंगाची पोर म्हणून नववीतल्या केतकीच्या स्कर्टच्या शिवणीत, घरी शिवणकाम करणाऱ्या आईने दोन इंच कापड जादा सोडलं होतं. ते उसवायची वेळच आली नाही. डाएटचे व्हिडिओ बघून केतकीने जेवण अर्ध्यावर आणलं आणि दिवाळीपर्यंत स्कर्ट दोनदा आत घ्यावा लागला. पहिल्यांदा आई कौतुकाने म्हणाली होती, "गिऱ्हाइकांना दाखवते ही कंबर!"

काल केतकी शाळेत चक्कर येऊन पडली. सलाइन लावून आणल्यापासून भिंतीकडे तोंड करून झोपली आहे.

आज धाकट्या ओवीच्या गॅदरिंगचा फ्रॉक बेतायचा होता. कमरेला टेप लागताच सात वर्षांच्या पोरीने पोट आत ओढून श्वास धरला.

"श्वास सोड गं. माप चुकेल."

"हेच लिही ना, आई. शिवून होईपर्यंत मी एवढी बारीक होते."