मंगळवारची सायकल

"मंगळवारी दुपारी दोन चाळीसला एकतीस नंबरची सायकल तुम्हीच नेली होती ना?" आरोग्य केंद्रातल्या बाईंनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"नाय हो मॅडम. मी तवा कंपनीत होतो. फर्स्ट शिफ्टला."

"रेकॉर्डला तुमचंच नाव आहे. तुमच्या आधी त्या सायकलवर बसलेला माणूस काल पॉझिटिव्ह आलाय. गाडी पाठवतोय, आवरून ठेवा."

फोन बंद झाला. बन्सी शर्टाची बटणं लावता लावता तसाच उभा राहिला.

आता हे कोणाला आणि कसं समजवायचं? गल्लीच्या तोंडाशी, बजाजनगरच्या चौकात सार्वजनिक सायकलींचा स्टँड झाला, तेव्हा गल्लीतल्या कोणी तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग कोरोना आला, रिक्षा बंद झाल्या, बसमध्ये शेजारी बसायची माणसांना भीती वाटायला लागली, आणि त्या सायकली एकाएकी सगळ्यांच्या लाडक्या झाल्या. कुलपासमोर फोन धरला की टिक वाजून कुलूप उघडायचं. पण ते ॲप गल्लीत एकट्या बन्सीच्या फोनमध्ये. कंपनीत फोन आत नेऊ देत नव्हते, म्हणून दिवसभर तो दाराबाहेर मीटरच्या पेटीवर पडलेला असायचा. ज्याला गरज, त्यानं उचलावा. त्यामुळं रेकॉर्डप्रमाणं बन्सी एका दिवसात चारदा किराणा आणत होता, दोनदा दवाखान्यात जात होता आणि त्याच वेळी वाळूजला मशीनवरही उभा होता.

तो गल्लीत आला. "मंगळवारी दुपारी सायकल कुणी नेली होती?"

कालपर्यंत त्या फोनसाठी इथं नंबर लागत होते. आज एकालाही सायकल आठवेना. शेजारचा कडुबा मास्क नाकावर ओढत म्हणाला, "मी सोमवारी नेली होती. मंगळवारी घरातच होतो."

"आमच्या मेघानं नेली आसंल तर सकाळी," समोरच्या गीताबाई दारातूनच म्हणाल्या. "दुपारी नाय."

"भांडायला नाय इचारत, मावशी! ज्यानं नेली त्याला तपासाया पायजे. त्याच्या घरात म्हातारं माणूस आसंल, लेकरू आसंल!"

दारं लागली. बन्सी घरी परत आला आणि बायकोला म्हणाला, "रत्नमाला, तू तरी बघितलं का?"

"माझा डोळा लागला होता हो."

त्याचं डोकं चालेना. हो म्हणावं, तर खरा माणूस गल्लीतच फिरत राहणार. नाही म्हणावं, तर ऐकतंय कोण? घटकाभर त्याला असंही वाटून गेलं, की आपणच शिफ्ट सोडून आलो होतो की काय.

शिवाय बाहेरच्या खोलीत आई होती. लक्ष्मीबाईंना दमा. कंपनीतून आपण काहीतरी घेऊन येऊ या धास्तीनं बन्सीनं चार महिने ती खोली आईला एकटीला दिली होती. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागं सरायचं. नातवाला आत जायची बंदी. तो स्वतः जिन्याखाली झोपायचा. त्या मंगळवारच्या माणसानं हातात घेतलेला फोन परत इथंच, या दाराशी आला होता. आईला काही झालं तर?

गाडी आली. पांढऱ्या किटमधल्या ताई यादी घेऊन उतरल्या. "बन्सी कोण?"

"मीच. पण तो मी नाय."

"भाऊ, एक काय ते सांगा."

"त्यानं नाय नेली," खिडकीतून आवाज आला. "मी नेली."

लक्ष्मीबाई पदरानं तोंड झाकत बाहेर आल्या.

"आई, तू? सायकल?"

"का? पाचोडला अंगणवाडीत जाताना तुला मागं बसवून कोण न्यायचं? खिडकीतून रोज बघते मी. फोन धरला की टिक वाजतंय. कंपनीच्या भिंतीपर्यंत गेले आन् आले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लई बरं वाटलं, बाबा."

बन्सीला रागवावं की रडावं ते कळेना. ज्या आजाराला त्यानं चार महिने उंबऱ्याबाहेर अडवून धरलं होतं, त्याच्या भेटीला आई स्वतःच सायकल मारत गेली होती.

ताईंनी नवा कागद काढला. "आजी, घाबरू नका. एवढंच सांगा, मंगळवारपासून तुमच्या जवळ कोण कोण आलं? शेजारी बसलं, सोबत जेवलं, हात धरला, असं कोणीही. त्यांनाही तपासावं लागेल. नीट आठवा."

लक्ष्मीबाईंनी खरंच नीट आठवलं. त्यांनी बन्सीकडं पाहिलं, रत्नमालेकडं पाहिलं.

"मंगळवारचं काय घिऊन बसलात, ताई," त्या म्हणाल्या. "मार्चपासून कुणी नाय."