पिवळी चौकडी

“आणि आत काय घालता हो?”

बोटीच्या शिडीशी तिकिटं तपासत उभ्या असलेल्या टॉरमॉड मॅकफेलने समोरच्या टोपीवाल्या पाहुण्याचं तिकीट टरकन फाडलं आणि अर्धा तुकडा त्याच्या हातात कोंबला.

“बूट!” तो म्हणाला. “पुढे व्हा.”

रांगेत हशा पिकला. पाहुणाही हसला, पण जागचा हलला नाही. टॉरमॉडच्या गुडघ्यांवर रुळणाऱ्या पिवळ्याजर्द किल्टकडे, मागच्या चुण्यांकडे तो मान वाकडी करून बघत राहिला. तेवढ्यात त्याच्या बायकोने फोन काढला.

“कमरेपासून खालचाच फोटो घेतला तर चालेल ना?”

“म्हणजे वरचा भाग फुकट गेला म्हणायचा! घ्या आणि निघा!”

स्कॉटलंडमधल्या ओबन बंदराच्या धक्क्यावर हे रोजचंच होतं. थंडी नाही का वाजत, वारा सुटला की काय करता, हा घागरा स्वतः नेसता की कुणी नेसवून देतं? जगभरातून माणसं येत आणि टॉरमॉडच्या गुडघ्यांना प्रश्न विचारत. लग्नाकार्याला किल्ट घालणारे गावात ढिगाने होते. कामावर रोज किल्ट घालून येणारा हा एकटाच. आणि किल्ट तरी कसला, तर लिंबासारखा पिवळा, त्यावर काळ्या चौकड्या.

“ही चौकडी तुमच्या घराण्याची नाहीच मुळी,” बोटीचे दोर बांधणारा ड्युगल्ड त्याला नेहमी डिवचायचा. “मॅकफेलांनी हे असलं भडक कधी अंगाला लावलंय? पार समोरच्या बेटावरून दिसतोस!”

“तुझे डोळे दुखत असतील तर मिटून घे.”

“अरे, पण आपल्या घराण्याची ठरलेली चौकडी सोडून दुसऱ्याची? तुझा आजा असता तर दारात उभं केलं नसतं तुला.”

“आजा नाहीये. दोर बांध.”

त्या दिवशी बोट पुन्हा उशिरा सुटली. दुपारी नव्या व्यवस्थापक बाईंनी, सीना गिलिस यांनी, टॉरमॉडला कचेरीत बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. बोलताना मात्र त्या टेबलावरच्या कागदांशीच चाळा करत राहिल्या.

“टॉरमॉड, तुमच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तुमच्यापाशी रांग अडते. लोक उभे राहतात, विचारत बसतात, फोटो काढतात. बोटीला उशीर होतो आणि पलीकडे बेटावरची बस निघून जाते. सोमवारपासून सगळ्यांना कंपनीची करडी पँट.”

“माझ्या गावात, माझ्या धक्क्यावर, मला माझाच पोशाख बंद?” टॉरमॉडचा आवाज चढला. “बिस्किटांच्या डब्यावर छापलेला चालतो, दारूच्या बाटलीवर चालतो. जिवंत माणसाने घातला की लगेच अडचण! बोट भरून परदेशी माणसं येतात ती काय करड्या पँटी बघायला?”

“पण तुम्हीच तर रोज ओरडता त्यांच्यावर. विचारतात म्हणून.”

“ओरडेन! तो माझा हक्क आहे. पण विचारू देत की त्यांना. किल्टबद्दल हवं ते विचारू देत!”

बाई क्षणभर बुचकळ्यात पडल्या. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “पँट नको असेल तर तुम्हाला आतलं काम देते. मागच्या खोलीत सामानाच्या नोंदी. तिथे कुणी येत नाही, कुणी बघत नाही.”

“मला कोंडू नका.” टॉरमॉड एकदम हळू बोलला. “या शिडीवर उभं राहायला मला किती वर्षं लागली, तुम्हाला कल्पना नाही.”

“मग पँट घाला.”

एका फडक्यासाठी माणसाला जागेवरून उठवायला निघालेली ही कंपनी, आणि वर कारण काय, तर म्हणे लोक बघतात! टॉरमॉडने बाईंनी पुढे केलेलं पुडकं हिसकावलं आणि दार आपटून तो बाहेर पडला. घरी पोचेपर्यंत त्याचा संताप उतरला नव्हता.

त्याची बहीण एफी ताटात बटाटे वाढत होती. त्याने करड्या पँटचं पुडकं खुर्चीवर भिरकावलं. तिने ते उघडलं आणि पँट झटकून पाहिली.

“आतलं काम घे ना, टॉरमॉड.”

“नाही.”

“मग सोमवारी मी येऊ धक्क्यावर? नुसती उभी राहीन बाजूला.”

“मी काय शाळेत निघालोय?”

एफीने ताट त्याच्यापुढे सरकवलं. जेवण झाल्यावर ती दिव्याखाली बसून त्या पँटचे पाय आखूड करत राहिली. तिचे डोळे दोनदा भरून आले. टॉरमॉडने ते पाहिलं आणि उगाच चुलीतली राख उकरत बसला.

सोमवारी सकाळी तो करडी पँट घालून शिडीशी उभा राहिला. ड्युगल्डने लांबूनच पाहिलं. थट्टा करायची सोडून तो दोरांकडे वळला. वर कचेरीच्या खिडकीत सीनाबाई उभ्या होत्या. रांग सुरू झाली. टॉरमॉडने हनुवटी छातीला टेकवली, टोपी पुढे ओढली आणि हात लांब केला.

पहिलीच होती बेटावरची मिसेस मॅकिनिस, बाजारहाट करून परत निघालेली. दर महिन्याला याच शिडीवरून जाणारी, दर खेपेला त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पाय न उचलणारी म्हातारी.

“हे काय रे? आज घागरा कुठे ठेवलास?” ती हसत म्हणाली.

टॉरमॉडने तिकीट फाडलं.

म्हातारीने त्या करड्या पँटकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मान वर केली.

“अरे माझ्या लेकरा,” ती म्हणाली, “तोंड कधी रे एवढं भाजलं होतं तुझं!”