हाताला न लागलेला धागा

"नाही म्हणजे नाही," थोरली जाऊ म्हणाली आणि डोळे मिटून पुन्हा कापडावर हात फिरवू लागली.

कापड रुळावरून येत होतं, तिच्या तळव्याखालून संथ सरकत होतं. दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं. त्यात कापसाचे कण तरंगत होते आणि खाली यायची त्यांना मुळीच घाई नव्हती. तीस वर्षं ती अशीच उभी होती. मिटल्या डोळ्यांनी, अर्धी इथे, अर्धी कुठेतरी लांब. गिरणीत चेष्टेने तिला सगळे डोळेझाकबाई म्हणत. पण गाठ आली की तिचा हात थांबलाच म्हणून समजा! तिने पास केलेला एकही तागा आजवर परत आला नव्हता.

बाहेर अंगणात पांढरी गाडी उभी होती. बायकांच्या स्तनांची यंत्रावर तपासणी. आज शेवटचा दिवस. बाकी सगळ्याजणी जाऊन आल्या होत्या. धाकटी जाऊ चार दिवस हिच्या हातापाया पडत होती.

"अहो ताई, पाच मिनिटांचं काम आहे."

"दर महिन्याला माझी मी चाचपून बघते ना? या बोटांना जे लागत नाही, ते नसतंच. यंत्राचं कौतुक मला नको सांगूस."

थोरलीची बहीणही अगदी हेच म्हणायची. तिच्या हाताला गाठ लागली, तेव्हा फार उशीर झाला होता. आणि लग्न होऊन आल्यापासून धाकटीला आईच्या जागी होती ती ही एकच.

धाकटी आपल्या टेबलाशी गेली. टेबलाची काच खालून उजळलेली. थोरलीने पास केलेले तागे त्यावर पसरून ती पुन्हा एकदा नजरेखालून घालायची. थोड्या वेळाने तिने हाक मारली.

"ताई, हा तुमचा सकाळचा तागा. जरा येता?"

काचेवरच्या दुधाळ उजेडात एक बारीक रेघ चमकत होती. एक धागा जागेवर नव्हता. बायका गोळा झाल्या. "अगं बाई! डोळेझाकबाईंचा तागा?" कुणीतरी म्हणालं.

थोरलीने डोळे मिटले. रेघेवरून बोटं नेली. ती क्षणभर थबकली, मग पुढे सरकली. डोळे उघडून तिने एकदा धाकटीकडे पाहिलं.

"नाही लागत," ती हळूच म्हणाली. हात पुसले आणि गाडीकडे चालू लागली.

पुढच्या तपासण्या झाल्या. लहानसं ऑपरेशन झालं. "मोहरीएवढंच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाताला लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षं गेली असती. वेळेत आलात."

इस्पितळाच्या खिडकीत पडदा हलत होता. थोरली डोळे मिटून पडली होती. उशाशी बसलेल्या धाकटीला राहवेना. ती रडायलाच लागली.

"ताई, मला माफ करा. तुमचा तागा बिनचूक होता हो. तो धागा मी सुईने ओढला होता."

थोरली डोळे न उघडताच हसली.

"तुझ्या टेबलाशी बोटांना लागला होता गं तो, सकाळी नव्हता. पण कापडावर साधा डाग पडू न देणारी तू, माझ्यासाठी आख्खा तागा नासवलास. मग नाही कसं म्हणणार होते मी?"