पायपुसणं

स्वतःच्या निवृत्तीच्या सत्काराला आलेल्या फेम्केला गावच्या क्लबाच्या अध्यक्षांनी दारातच अडवलं. "पाय पूस हं नीट! हॉकीवाल्यांसाठी नवी फरशी घातलीय."

नेदरलँड्सची ही गोलंदाज इथल्याच काथ्याच्या मॅटच्या खेळपट्टीवर घडली होती. खसाखसा पाय पुसत ती म्हणाली, "आपली मॅट कुठे ठेवलीत, वाउटर? जाता जाता दोन चेंडू टाकीन म्हणते."

"मॅट? अगं, मुलींचं क्रिकेट बंदच केलं ना यंदा. म्हटलं, एवढा चांगला काथ्या वाया कशाला घालवायचा?"

फेम्केनं खाली पाहिलं. पायपुसण्याच्या मधोमध क्रीजची पांढरी रेघ होती. तिनं दचकून पाय उचलला, आणि सवयीनं रेघेच्या मागे टेकवला.